दहा थाऊ

मे महिन्यात गाडी पहाटेच काढायची.
नऊनंतर हेराल्ड रुसते,
पेट्रोल नळीतच उकळतं
आणि शंकरनगर चौकात सिग्नल हिरवा होऊनही
आपण तसेच उभे. मागचे हॉर्न वाजवतात,
एखादा उतरून विचारतो, विकायची आहे का.
म्हणून डिकीत पाण्याची बाटली, जुन्या पंच्याचा तुकडा.
पंपावर ओली पट्टी ठेवायची,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी,
आणि गप्प बसायचं.

सहासष्टचं मॉडेल. रंग कच्च्या संत्र्याचा,
म्हणजे हिरवाच.
तीस वर्षं भूगर्भ खात्यात मी नकाशे काढले,
निवृत्तीच्या पैशांतून ही घेतली.
भाचा म्हणाला, मावशी, एवढ्यात
दोन्ही खोल्यांना एसी आला असता.
आला असता.

गेल्या वर्षी कुंभारमाशीनं
टाकीच्या हवेच्या भोकात घर बांधलं.
मी तीन दिवस कार्बोरेटर उघडत होते, मिटत होते,
जेट फुंकत होते, जिभेवर पेट्रोलची चव घेऊन जेवत होते.
मेश्राम मिस्त्री आले, टाकीचं झाकण फिरवलं,
आत हवा शिरल्याचा उसासा झाला,
गाडी सुरू.
काडीनं माती उकरून त्यांनी तळहातावर घेतली.
आत हिरवी अळी होती.
ती त्यांनी कुंपणाच्या कोरांटीवर सोडली, का कोण जाणे.

दर पाच वर्षांनी आरटीओ.
चेसिसच्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासायची,
तो ठसा फॉर्मला चिकटवायचा.
तिथला पोरगा घाईत घासतो, तीनाचा आठ होतो.
मी म्हटलं, आण इकडे.
दोन-बी पेन्सिल, हात हलका.
एवढं एक काम मला कोणी शिकवलं नाही.

बाकीचं सगळं मिस्त्रींचं.
इंदोऱ्यात टिनाची शेड, तिथं आता नुसत्या स्कूटी येतात.
एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं थोडं.
पण इंजिन चालू केलं की ते
हातभर लांब पेचकस टॅपेट कव्हरवर टेकवत,
लाकडी मूठ दातांत धरत,
डोळे मिटत.
मग बोटं दाखवत: चार नंबर. एक्झॉस्ट.
इंजिन निवेपर्यंत चहा.
मग फीलर गेजची दहा थाऊची पत्ती,
केसाहून जाड, पोस्टकार्डाच्या जवळपास.
"वहीतून नोट वढल्यावानी सरकली पायजे, बाई.
अडकू नये, पडू बी नये."
एकदा मी विचारलं, अगदी चिकटून का नाही बसवत?
आवाजच जाईल.
"फट ठेवाच लागते जी.
गरम झालं का लोखंड बी जागा मांगते."

या फेब्रुवारीत फोन केला तर सुनेनं घेतला.
बाबांचे सगळे दात काढले, म्हणाली, मेडिकलमधी.
कवळी बसली.
रविवारी ते नातवाच्या स्कूटरवर मागं बसून आले,
सवयीनं मूठ तोंडात धरली,
बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.
मग कवळी पुसत म्हणाले,
"काहीच नाही ना जी. प्लास्टिकले का समजते."

आणि पेचकस माझ्या हातात दिला.

मुठीवर खाचा होत्या, पुढच्या दातांच्या दोन खोल,
बाजूला एक तिरपी.
मी पदरानं पुसली, तरी ग्रीस लागलंच.
माझे दात त्या खाचांत बसेनात,
मी थोडी बाजूला चावले.
आधी नुसती गरगर, कवटीभर.
मग गरगरीच्या आत काहीतरी,
कुणीतरी पलीकडच्या खोलीत
सुपारी कातरतंय तसं.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते.
"कोनता?"
मी पेचकस एक बोट सरकवला,
आणखी एक.
"कोनता, बाई?"
तोंडात मूठ होती.
मी बोटं वर केली.